बाल्कनीत टाकलेली खुर्ची

“आधी पोराचं डोकं कुठं टेकतंय ते बघा, मग करवत लावा.” तनयाताई सुताराला असं म्हणाल्या, तेव्हा मी नुसती फळी होते.

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. माझ्या पाठीच्या दोन फळ्या खोलीच्या कोपऱ्यासारख्या जुळतात. पुढे ताटापुरता पाट आहे, पोटाशी मऊ पट्टा आहे. ज्या लेकरांना आपलं आपण बसता येत नाही, त्यांना मी धरून बसवते. सदाशिव पेठेत तनयाताईंचं अशा लेकरांसाठी उपचारकेंद्र आहे. तिथून मी एका घरी जाते, ते लेकरू बसू लागलं की दुसऱ्या घरी. माझ्या कुशीत कुणी पहिल्यांदा आपलेच हात निरखले, कुणी वरणभाताचा घास सरळ मानेनं गिळला. तेव्हा आया माझ्यावरून हात फिरवायच्या.

मग मी खराडीला स्पृहाकडे आले. दीड वर्षाची, बोलक्या डोळ्यांची पोर. मान डुले, पाठ वाके, वाऱ्यातलं ज्वारीचं ताट जसं. तनयाताईंनी बजावलं होतं, रोज बसवा, भरवताना तर नक्कीच. तिची आई सुरुची तसं करायची. पण ती ऑफिसला गेली की वासंतीआजी मला बाल्कनीत लोटायच्या. खुर्चीची सवय लागेल म्हणायच्या. आमचा आमोदही उशिराच बसला, पोर बापावर गेलीय, असंही सांगायच्या. आमोदला ते पटलं. हळूहळू सुरुचीही भांडून थकली.

माझ्या पाठीवर ओले टॉवेल आले, पाटावर मनी प्लांट. आत पोर उताणी, पंख्याकडे बघत. घास अडकला की खोकायची, आणि मी काचेपलीकडे रिकामी. मला हात असते तर ते दार मी मोडलं असतं. मनी प्लांटला रोज पाणी घालता, गाडीचं सर्व्हिसिंग चुकवत नाही, मग लेकराच्या पाठीलाच ‘होईल आपोआप’ कसं म्हणता? वाढती पाठ कुणासाठी थांबते? मित्रांनो, तुमच्या घरी असं भावंड असेल, तर माझ्यासारखीला अडगळीत जाऊ देऊ नका. मोठ्यांशी भांडा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या इंदुबाई नातवाला घेऊन आल्या. आठ महिन्यांचा, पण अजून मान धरत नव्हता. मुलगे आळशीच असतात, असं बायका म्हणाल्या. एकीनं दाखलाच दिला.

“यांचा आमोद नाही का, उशिराच बसला. आता आयटीत बसूनच पगार घेतो.”

सगळ्या हसल्या. इंदुबाईंचा जीव भांड्यात पडला. उद्या डॉक्टरांकडे जाणार होतो, पण आता राहू दे, असं त्या सुनेला म्हणाल्या.

वासंतीआजींच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली. आतून खोकला आला. सुरुची धावली.

“इंदुबाई, उद्या जाच तुम्ही,” आजी म्हणाल्या. “आमोद सहाव्या महिन्यातच बसला होता. उशिरा बसला, हे मी रचून सांगत आले.”