पहिल्या सोमवारची गाडी

“आज गाडी मिळणार नाही, सिस्टर,” बॉनेटखालून डोकं बाहेर न काढताच फोरमन म्हणाला.

सिस्टर किल्लीसाठी हात पुढे करून उभ्या होत्या. अकराला नवऱ्याला डायलिसिसला न्यायचं होतं. आठवड्यातून तीनदा, गेली चार वर्षं. गाडी बावीस वर्षांची. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊनही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. तोही बसडेपो सोडून गॅरेज टाकल्यावर फोरमनच राहिला होता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठला त्या गाडी घेऊन येत. ऑइल, पाणी, ब्रेक, टायरमधली हवा, सगळं बघून घेत, तेही काही बिघडलेलं नसताना. शेजारचा पंक्चरवाला हसायचा. ताप चढायची वाट बघत बसायचं नसतं, असं त्या त्याला सांगत.

फोरमनने त्यांना वाकून आत पाहायला लावलं. टायमिंग बेल्टला आडव्या, केसासारख्या भेगा पडल्या होत्या. हा तुटला की गाडी भर रस्त्यात जागच्या जागी बंद, एवढंच त्याने सांगितलं. आजचा दिवस निभावू द्या, उद्या गाडी पुन्हा आणून लावते, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

“तुम्ही असा पेशंट घरी सोडला असतात?” त्याने विचारलं.

सिस्टरनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. फोरमनने हात पुसले, शटर ओढलं आणि आपल्या खटारा व्हॅनमधून नवरा-बायकोला हॉस्पिटलच्या दारात सोडलं. येताना नवा बेल्ट घेऊन आला. साडेतीनला त्यांचीच गाडी घेऊन तो पुन्हा त्या दारात उभा होता. नवरा मागच्या सीटवर सावकाश टेकला आणि म्हणाला, गाडीला डॉक्टर चांगला मिळालाय, आमच्यापेक्षा ती जास्त टिकणार.

तसंच झालं. पुढच्या दोन वर्षांत गाडी एकदाही वाटेत थांबली नाही. एका बुधवारी ती दाराशी चालू होती आणि घरात शर्टाची बटणं लावता लावता नवरा गेला.

आता सिस्टर गाडी विकतील, असं फोरमनला वाटलं होतं. पण पहिल्या सोमवारी त्या आल्या. पुढच्या महिन्यातही आल्या. त्या खेपेला मीटरवर सहाच किलोमीटर वाढले होते. गॅरेज ते घर आणि घर ते गॅरेज. ऑइल ओतलं त्या दिवसासारखं मधाच्या रंगाचं होतं. तरी त्याने सगळं नेहमीच्या क्रमाने पाहिलं, चारही टायरची हवा मोजली. मग म्हणाला, उभी राहून बॅटरी उतरेल, जरा फिरवत जा.

“कुठे नेऊ?” सिस्टरनी विचारलं.

फोरमनने कळकट एप्रन काढून खिळ्याला अडकवला, एक आवाज येतोय, तो वेगात ऐकावा लागेल, असं सांगितलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. सिस्टरनी गाडी काढली. वस्ती संपली, रस्ता सरळ झाला. दोघंही समोर बघत होती.

“येतोय आवाज?”

फोरमनने कान दिला. इंजिन एका लयीत चाललं होतं.

“अजून तरी नाही.”

“मग थोडं पुढे जाऊ,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी चौथा गिअर टाकला.