मंगळवारचं पाणी

इंग्रजांनी जाता जाता पंजाबावर ओढलेली रेघ जाहीर होऊन दोनच दिवस झाले होते. बिशनकौरचा कापूस या देशात राहिला आणि त्याला पाणी देणारा पाट त्या देशात गेला. मंगळवारी दिवस उगवल्यापासून तीन तास पाटाचं पाणी तिचं. ही पाळी चुकली, तर पुढची आठ दिवसांनी. बोंडं तर आत्ताच गळू लागली होती.

खांद्यावर फावडं टाकून ती बांधावर आली, तर मधोमध चुन्याची रेघ आणि अलीकडे बंदूकवाला शिपाई.

"माई, पुढे जायचं नाही. तो दुसरा मुलूख."

"मुलूख कसला? फज्जाचं शेत आहे ते!"

पलीकडे फज्जा, म्हणजे शेजारचा फजलदीन, ताटकळत उभा होता. त्याची पाळी संपली होती, मका पाण्यानं तुडुंब भरला होता, तरी पाणी तिच्याकडे वळवायला त्याचा हात धजेना. ज्याची पाळी सुरू होते त्यानेच दारं, म्हणजे पाटाच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध, मोडून पाणी आपल्याकडे घ्यायचं, अशी तिथली रीत. दुसऱ्याने हात लावला की ती चोरी. त्यापायी डोकी फुटली होती.

"ये की भाभी! माझा मका बुडतोय!"

"हा शहाणा सोडत नाही. तूच मोड!"

"मी? उद्या तुझेच दीर म्हणतील, फज्जानं पाणी पळवलं."

बिशनकौर शिपायावर कडाडली, "कोणी ओढली रे ही रेघ? त्यानं जन्मात एक वाफा तरी भिजवलाय का?"

"मला काय ठाऊक, माई? वरून आलंय."

"वरून पाऊस येतो. रेघा माणसं ओढतात!"

तिने फावडं पलीकडे भिरकावलं. "फज्जा, माझ्या फावड्यानं मोड. मी सांगतेय म्हणून मोड. आणि हा शिपाई साक्षीला. काय रे?"

शिपाई गोंधळून "हो" म्हणाला.

दारं मोडलं. चुना धूत पाणी अलीकडे आलं. तेवढ्यात हवालदार धावत आला.

"परदेशचं पाणी! परवाना कुठाय? बुजवा पाट!"

शिपायाने बांधावरचं घमेलं मातीनं भरून उचललं. बिशनकौर सरळ पाटात जाऊन बसली.

"टाक. माझ्या डोक्यावर टाक."

"भाभी, ऊठ! गोळी घालतील!"

"तू तुझं बघ. दाऱ्यापासून हलू नकोस!"

हवालदार ओरडत राहिला. शिपायाने घमेलं खाली ठेवलं. पाणी तिच्या दोन्ही अंगांनी कापसाकडे निघालं होतं. पाळीचे अजून दोन तास बाकी होते आणि तोवर ती उठणार नव्हती.