सहा नंबरचं दुसरं पिवळं कार्ड

"कमाल केलीत साहेब! हरलेलेसुद्धा हात मिळवून गेले. असं कधी झालंय?" संघटनेचे सचिव दार न वाजवताच पंचांच्या खोलीत शिरले.

पंच मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत होते. एकवीस वर्षांत त्यांचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. प्रेक्षक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यांतल्या निम्म्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे सांगता आलं नसतं. खेळाडू धक्का लागण्यापूर्वीच कोलमडत. आणि हे सचिव! वर्षभर मैदानाकडे न फिरकणारे, पण बक्षीस समारंभात पहिल्या खुर्चीत. या साऱ्यांविषयी पंचांच्या मनात तुच्छतेखेरीज काही उरलं नव्हतं.

आज मात्र ती तुच्छता त्यांच्यावरच उलटली होती. सामन्यानंतर नोंदवह्या पडताळताना लाइन्समनच्या वहीत तिसाव्या मिनिटाचं पिवळं कार्ड सहा नंबरच्या नावावर निघालं. पंचांनी चिखलाने माखलेल्या पाठीवरचा आकडा नऊ समजून लिहिला होता. त्यामुळे सत्तराव्या मिनिटाला त्याच सहा नंबरला दुसऱ्यांदा पिवळं दाखवूनही, दोन पिवळ्यांवर मिळायचं ते लाल कार्ड निघालं नाही. मैदानाबाहेर जायला हवा होता, तो गडी शेवटच्या मिनिटाला गोल करून सामना जिंकून गेला.

"चूक माझी आहे. अहवालात लिहितोय."

"अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? कुणाला पत्ता नाही. रविवारची फायनल तुमची. पुढच्या महिन्यात वयाची पंचेचाळीस पूर्ण, मग निवृत्त होऊन कायमचे घरी. हे लिहिलंत तर फायनल गेली म्हणून समजा."

"समजलो."

"पण लोक काय म्हणतील?"

"त्यांना वाचता येतं का, ते आधी बघू."

पंचांनी मिनिट, नंबर आणि चूक सुवाच्य अक्षरांत लिहून सही केली.

तो सामना पुन्हा खेळवला गेला. फायनल दुसऱ्या पंचाला मिळाली.

रविवारी ते तिकीट काढून गॅलरीत बसले. शेजारचा जाडजूड गृहस्थ सारखा उठून ओरडत होता, "आंधळा आहेस का रे?"

"निर्णय बरोबर आहे. खाली बसा."

गृहस्थाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला काय कळतंय हो यातलं?"

मध्यंतराला गृहस्थ चहासाठी उठला, तेव्हा पंचांनी पाय आखडून घेतले आणि त्याला वाट करून दिली.