पंधरावा दाखला

"दाखला हातात पडंस्तवर चहाला हात लावायचा न्हाई, सर," असं नाथाजींनी उंब्रजच्या वेशीवरच बजावलं होतं. त्यामुळे सुकुमार मगदूम समोरच्या कपाकडे नुसते बघत बसले होते आणि चहावर साय धरत होती.

संख्याशास्त्राच्या वर्गाला पंधरा पोरं लागत. चौदांचे मूळ दाखले सांगलीच्या कॉलेजात कपाटात कुलूपबंद होते. मूळ दाखला अडकला की पोरगं दुसरीकडे जात नाही, हा प्रवेशाच्या दिवसांतला सगळ्याच कॉलेजांचा धर्म. पंधरावा आज पाचच्या आत मिळाला नाही तर वर्ग बंद, आणि वर्गाबरोबर तासांवर पगार घेणारे सुकुमारही बंद. एवढी वर्षं सरासरी शिकवलेल्या माणसाला आपण कुठल्या टोकाला उभे आहोत, हे कळायला गणित मांडावं लागत नव्हतं.

नाथाजींचं निवांत होतं. केनियातल्या साखर कारखान्यात उमर घालवून आलेले नाथाजी त्याच कॉलेजात संध्याकाळी स्वाहिली शिकवत. आफ्रिकेतल्या कारखान्यांवर निघालेल्या पोरांनी त्यांचा वर्ग खिडकीपर्यंत भरलेला असे. संख्याशास्त्राला पोरं दारोदार हिंडून आणावी लागत, स्वाहिलीला दार लावून घ्यावं लागे. आज ते आले होते ते मोटारसायकल त्यांची आणि घर त्यांच्या पाहुण्यांचं म्हणून.

पाहुणे म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांनी आतून दाखला आणला आणि दोन्ही हातांनी सुकुमारांना दिला.

"घ्या सर. गुरुजी दारात आल्यावर न्हाई कसं म्हणायचं? पोरगी तुमची."

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. "मिळाला का?"

"हातात आहे, सर."

"मग निघा. पाचनंतर प्रवेशाचं पोर्टल माझ्या बापाचंही ऐकत नाही."

सुकुमार उठले, तर आतल्या दारात शिवांजली उभी. लालासाहेबांची मुलगी.

"सर, तो दाखला उद्या कराडला द्यायचाय. नर्सिंगला नंबर लागलाय माझा."

"गप," लालासाहेब म्हणाले. "आपल्या घरातल्या पोरीनं रातपाळ्या करायच्या न्हाईत. मिटलं ते."

ती हलली नाही. "एकच विचारते, सर. तुमच्या वर्गात आपणहून आलेली किती हायत?"

"समदी म्हणून सांगा की," नाथाजी कानाशी पुटपुटले.

आकड्यात खोटं सुकुमारांना जमत नसे. त्यात थोरपण काही नव्हतं, धंद्याची खोड होती.

"चार," ते म्हणाले. "बाकीची अशीच आणली. चहा पिऊन."

सुकुमारांनी दाखला तिच्यापुढे धरला. मध्ये सुभेदारांचा पंजा आला.

"आमी दिलेलं माघारी घेत न्हाई, सर."

"तुम्हाला कुठं देतोय, सुभेदारसाहेब? नाव हिचं आहे यावर."

पंजा तिथंच राहिला. शिवांजलीनं त्याच्या खालून हात घालून दाखला घेतला आणि ती आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"चहा तरी प्या आता," त्या दाराकडे बघत लालासाहेब म्हणाले.

सुकुमारांनी तो गार चहा उभ्यानंच संपवला.

परतीच्या वाटेवर कराड मागे पडलं. मग नाथाजी मान मागे न वळवता म्हणाले, "लय शाणे हायसा तुमी. पोरगी गेली, नोकरी गेली." आणि पुढे, "तिकडं केनियातल्या कारखान्याच्या लॅबात आकडेवाला लागतोय. भाषा यायला पायजे पण."

पाच सांगलीच्या वेशीवर वाजले. गाडी थांबली नाही.

जुलैत स्वाहिलीचा वर्ग भरला तेव्हा सुकुमार शेवटच्या बाकावर येऊन बसले. पुढचा वीरधवल, त्यांच्या मोडलेल्या वर्गातला, उठून उभा राहू लागला. त्यांनी खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

नाथाजी हजेरी घेत होते. त्यांच्या वर्गात 'हजर' चालत नसे, उत्तर स्वाहिलीतच द्यावं लागे. शेवटच्या नावाशी ते अडखळले. नावापुढे 'सर' लावावं की नाही, ते त्यांना ठरवता येईना. ते तसेच खाली मान घालून थांबले.

सुकुमार उठले. सदऱ्याची वरची गुंडी लावली.

"निपो, म्वालिमू," ते म्हणाले. हजर आहे, गुरुजी.