शांतीच्या अंबाड्यातली बॉबिन

मी लेस विणायची बॉबिन बोलतेय. गळ्याशपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझा जन्म चंदनाच्या लाकडातून झाला. म्हणजे सागाच्या. बरं, पनवेलच्या बुधाजी सुताराकडे बैलगाडीच्या चाकाचा एक आरा उरला होता, त्यातून झाला. पुढचं मात्र सगळं खरं.

बुधाजीचा हात चाकांवर बसलेला. लेसच्या वर्गाच्या कमळाबाईंनी दोरा गुंडाळायला बोटाएवढी नाजूक दांडी मागितली. त्यानं मुसळाची धाकटी बहीण करून दिली. तीच मी. वर्गातल्या सडपातळ बॉबिनी मला 'गाडीवाली' म्हणायच्या.

१९५४ साली कोळीवाड्यातली शांती वर्गात आली आणि मी तिच्या वाट्याला आले. लेस विणतात ती टाचण्या टोचलेल्या उशीवर. शांतीच्या सासूला, गंगाबाईला, ते पटेचना.

"नारली पुनवेपरयंत येक पान करून दाव," तिनं बजावलं. "नायतर वर्ग बंद, न् ती उशी माजे डोक्याखाली!"

लेसमधल्या पानाला चार दोरे लागतात. तीन उभे राहतात. चौथा, म्हणजे माझा, एकावरून, एकाखालून, एकावरून जातो आणि तसाच परत येतो. कडेचे दोरे ताणून पानाचं पोट फुगवायचं. मला मात्र ओढायचं नाही, लोंबू द्यायचं नाही. माझं वजन पडलं की पान आक्रसलंच.

शांतीचा हात जाळ्याचा. जाळ्यात प्रत्येक गाठ आवळायची, नाहीतर मासे हसत निघून जातात. ती मलाही तशीच आवळायची.

"पान हाय का तांदूल?" गंगाबाईनं विचारलं.

"पयलाच हाय, आये."

"मंग आजून कर. खीर तरी व्हईल!"

पुनव चार दिवसांवर आली, तेव्हा शांतीनं युक्ती काढली. कडेचे दोरे ताणताना तिनं मला सरळ आपल्या अंबाड्यात खोचलं. माझं वजन केसांवर, दोरा सैल, आणि पान कसं, आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखं!

"हे कुठे शिकलीस गं?" कमळाबाई थक्क.

"डोस्क्यानं केला, बाई."

पुनवेच्या सकाळी वर्गात सासूला दाखवायच्या पानाचे दोन फेरे उरले होते. इतक्यात शेजारच्या रंभानं दारातून हाक दिली, "शांते, तुजी सासू येतंय गो!" शांती तशीच धावली. मी अंबाड्यातच! उशी, टाचण्या, बॉबिनी, सगळी वरात तिच्यामागे खाडीच्या धक्क्यापर्यंत खडखडत गेली. वाटेत दोन कुत्री वऱ्हाडी म्हणून सामील झाली. माझ्या ओढीनं पान टोकाशी आवळलं. परत बसल्यावर शांतीनं काही उसवलं नाही. उरलेले दोन फेरे गुपचूप रुंद घेतले.

गंगाबाईनं ते डोळ्यांजवळ धरलं.

"शांती, हे चुकलंय," कमळाबाई हळूच म्हणाल्या.

"चुकलंय कुटं, बाय?" सासू खेकसली. "पोवतंय! शेपटी बगा की. येवरी देखनी बोय मासली बाजारात सुदा नाय. शांते, आशा बारा कर. माजे चोलीला लावीन."

याला दहा वर्षं झाली. आता वर्ग शांतीच घेते. मी तिच्या अंबाड्यात कायमची राहते, जरा तेलकट झालेय.

आता कबूल करते. वरात मी रचली, कुत्रीही माझीच. शांती जागची हललीच नव्हती. रंभाची हाक ऐकून तिनं मला अंबाड्यातून काढलं, दोरा जाळ्याच्या गाठीसारखा एकदाच करकचून आवळला, आणि पुढचे दोन फेरे मोकळे सोडले. पान कितीही सुरेख झालं असतं, तरी सासू म्हणाली असती, झाडाला पानं काय कमी आहेत? माशाला मात्र ती नावं ठेवणार नव्हती.

गंगाबाई अजून ती चोळी घालून मिरवते. तिला यातलं काही सांगू नका. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तुमच्यावर ठेवतील.