धुतलेला लंगोट

मी डाग काढणारा माणूस आहे. छत्तीस वर्षं लाँड्री चालवतो. शाई, गंज, रक्त, तेल, लिपस्टिक, माझ्या हाताखालून गेला नाही असा डाग अजून जन्माला यायचाय. ही बढाई नाही असं म्हणणार होतो, पण बढाईच आहे, आणि तिनेच माझ्या सात महिन्यांच्या नातवाच्या पोटावर दुसऱ्यांदा सुरी चालवायची वेळ आणली. तेव्हा आधीच कबूल करून टाकलेलं बरं.

नातवाला आम्ही ठोंब्या म्हणतो, कारण ठेवाल तिथे बसून राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे टकमका बघतो. एका सकाळी तो पाय पोटाशी घेऊन कळवळायला लागला. हिरवं ओकला. दुपारी लंगोटात रक्त दिसलं आणि लेक नि जावई त्याला उचलून हॉस्पिटलात धावले. आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरला होता. शर्टाची बाही सुलटी करताना अर्धी आतच अडकून बसते ना, तसं. अडकलेला भाग काळा पडला होता. तेवढा कापून टाकला आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना शिवली.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिथल्या शिकाऊ डॉक्टरवर आवाज चढवला. चार तास झाले तरी कुणी काही सांगेना, तर माणसाने काय करावं? वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मग लेकीनेच हात जोडले. "बाबा, तुम्ही खालीच बसा. इथे एक पेशंट पुरे आहे मला." नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बसलो. चार दिवस जिन्याखालच्या बाकावर बसलो. वरून जावई यायचा, "चांगला आहे, बाबा," एवढं सांगून जायचा. त्याला माझा स्वभाव माहीत. खरं सांगितलं तर हा म्हातारा पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जाईल, म्हणून त्याने चांगलंच तेवढं सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी लेकीला अंघोळ करायची होती, जावई औषधं आणायला गेलेला. तिने मला वर बोलावलं. "अर्धा तास फक्त. कुणाशी भांडू नका. कशाला हात लावू नका." ती टॉवेल घेऊन गेली. मी स्टुलावर बसलो. ठोंब्याच्या नाकात नळी, हाताला सलाईन, पोटावर पट्टी. इतका गप्प तो कधीच नव्हता. मला बघून हसला नाही, रडला नाही, नुसता बघत राहिला.

मग मला तो नेहमीचा वास आला. लंगोट सोडून बघितला. हॉस्पिटलच्या कागदी लंगोटांनी त्याला पुरळ उठायचं, म्हणून आमच्या हिने जुन्या सुती चादरीचे लंगोट शिवून दिले होते आणि सिस्टरने ते चालवून घेतले होते. त्या पांढऱ्या कापडावर मधोमध हिरवट डाग. सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी गुंतलेली, तिथलं मशीन टिवटिवत होतं. मी दुसरा लंगोट बांधला, हलक्या हाताने, पट्टीला धक्का न लावता. आणि पहिला बेसिनमध्ये नेऊन धुतला.

का धुतला, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. डाग ओला आहे तोवर गार पाण्याखाली धरायचा, सुकला की तो कापडाचा होतो. हे माझ्या डोक्याला विचारावं लागत नाही, हातांना माहीत आहे. आणि डाग गेला की विषय संपला. कुणाच्या कपड्यावर काय सांडलं होतं ते त्याच्या बायकोलाही सांगायचं नाही, हा माझ्या दुकानाचा पहिला नियम. या नियमावर कित्येक संसार टिकलेत. लेक परत आली तेव्हा लंगोट खिडकीच्या गजावर वाळत होता आणि मी चकार शब्द न बोलता बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो. नुसता ओला झाला म्हणून बदलला असेल, असं समजून तिनेही विचारलं नाही.

अकरा वाजता सर्जनबाई आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. दार अर्धं उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी पोट दाबलं, स्टेथोस्कोप लावला, टेपने घेर मोजून घेतला.

"चव्वेचाळीस. काल त्रेचाळीस होता," त्या म्हणाल्या. "पाच दिवस झाले. शी नाही, गॅस नाही, पोट ताठ होतंय. आतडं चालू झालेलं नाही, नाहीतर शिवण आतून बंद झालीय. आणखी थांबण्यात अर्थ नाही. आज पुन्हा उघडून बघावं लागेल."

"पुन्हा?" लेकीचा आवाज. "मॅडम, पुन्हा कापणार त्याला?"

"थोडीशी शी झाली असती तरी मी थांबले असते."

हे सगळे जण पाच दिवस त्या डागाची वाट बघत होते. प्रत्येक लंगोट सिस्टरला दाखवायचा, ट्रेमध्ये ठेवायचा, असा नियम होता. सगळ्यांना माहीत होता. बाकावर बसवलेल्या माणसाला सोडून.

मी आत गेलो. लेकीने मला बघून डोळे मिटले. तिला वाटलं, आता हा भांडणार.

"त्याने केली होती," मी म्हणालो. "सकाळी. मी धुतली."

सिस्टर पुढे झाली, गजावरचा लंगोट काढून तिने खिडकीच्या उजेडात धरला. मी जवळ जाऊन बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की डाग राहिलेला असू दे. पुसटशी कड तरी राहिलेली असू दे. पण माझं काम होतं ते. लंगोट नव्यासारखा पांढरा होता.

"आजोबा," सर्जनबाई शांतपणे म्हणाल्या, "ऑपरेशन टळावं म्हणून घरचे लोक काहीही सांगतात. मी त्यांना दोष देत नाही."

"मी खोटं बोलत नाही."

"रंग कसा होता?"

"हिरवा. कडेला पिवळट. माझ्या अर्ध्या तळहाताएवढा."

"औषध सांडलं असेल."

"औषधात साखर असते, मॅडम. बोटाला चिकट लागतं. हे बुळबुळीत होतं."

"मग नळीतून गळलं असेल. तेही हिरवंच असतं."

"नळीतलं गळलं तर झबल्यावर गळेल. हे मागे होतं. मधोमध."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "रक्त?"

"नव्हतं. रक्त असतं तर गार पाण्यात आधी गुलाबी सुटलं असतं. पाणी हिरवट सुटलं, नंतर साफ. मी छत्तीस वर्षं हेच करतोय."

त्या पुन्हा वाकल्या आणि पोटाला स्टेथोस्कोप लावला. या वेळी किती तरी वेळ. लेकीने माझी बाही धरली होती, का ते तिलाही कळलं नसावं. बाई सरळ झाल्या.

"आवाज येतोय. अगदी थोडा. मघाशी मला लागला नव्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे समजून घ्या. आत शिवण सुटलेली असेल तर प्रत्येक तास त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून पुन्हा विचारते. तुम्ही बघितलंत, की तुम्हाला तसं वाटतंय?"

"बघितलं."

"चारपर्यंत थांबू. थिएटर तयार ठेवायला सांगते. ताप आला किंवा घेर एका सेंटिमीटरने वाढला तर चारची वाट बघायची नाही."

त्या गेल्या आणि मग ती दुपार सुरू झाली. मी असे पाच तास पुन्हा काढणार नाही, वैऱ्यानेही काढू नयेत. जावई आला, त्याला लेकीने सगळं सांगितलं. तो एरवी कुणाला दुखवत नाही. त्याने सलाईनच्या बाटलीवरचा मजकूर वाचायला घेतला आणि वाचतच राहिला. सिस्टर दर अर्ध्या तासाने टेप घेऊन यायची. चव्वेचाळीस. चव्वेचाळीस. एकदा तिने टेप दोनदा लावली आणि लिहिलं, साडेचव्वेचाळीस.

"वाढला," लेक म्हणाली.

"श्वास घेतला असेल त्याने. बघू पुढच्या वेळी," सिस्टर म्हणाली, पण टेप तिने खिशात घातली नाही, हातातच ठेवली.

तेव्हा माझं मलाच पटेना. खरंच हिरवं होतं का? मधोमध होतं का? मी बाईंना इतक्या ठामपणे सांगितलं ते बघितलं म्हणून, की मला चूक मान्य करायची सवय नाही म्हणून? दुकानात एखादा कपडा बिघडला तर मी गिऱ्हाइकालाच पटवून देतो की कापड मुळात हलकं होतं. जित्याची खोड. इथे कापड नव्हतं, पोर होतं. बाईंना हाक मारून सांगावं, की नका धरू माझा शब्द, उघडा पोट, असं दोनदा ओठांवर आलं.

"बाबा," लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो धुवायला?"

जिभेवर दहा उत्तरं होती. मला खाली बसवलं कुणी, नियम सांगितला नाही कुणी.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिने मान वळवून बघितलं. हे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग स्टूल माझ्याकडे सरकवलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी ठोंब्याने पाय पोटाशी ओढले. चेहरा लाल झाला. पहिल्या दिवशी असंच सुरू झालं होतं, अगदी असंच. लेक ताडकन उठली. जावई "सिस्टर, सिस्टर" करत दाराकडे धावला. ठोंब्याने श्वास कोंडला, मुठी आवळल्या, आणि मग एवढ्याशा देहातून असा आवाज निघाला की पलीकडच्या खाटेवरच्या पोराची आई वळून बघायला लागली. त्यामागोमाग दुसरा. आणि मग वास.

लेकीने लंगोट सोडला. हिरवं, पिवळं, भरपूर. माझा हात पुढे गेला, शपथेवर सांगतो, आपोआप गेला.

"बाबा, खबरदार," ती म्हणाली.

मी दोन्ही हात काखेत दाबून भिंतीशी उभा राहिलो. सिस्टरने लंगोट ट्रेमध्ये घेतला. सर्जनबाई आल्या, ट्रेकडे बघितलं, पोट दाबलं. टेप लावली. बेचाळीस. थिएटर लागणार नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि मग आम्हाला म्हणाल्या, "शिवलेली जागा मोकळी आहे, आतडं चालू झालंय. उद्या सकाळपर्यंत असंच राहिलं तर दूध सुरू करू." जाताना दाराशी थांबल्या. "आजोबा, यापुढचं धुणं आमच्यावर सोडा."

मी भिंतीला टेकून रडलो. सगळ्यांच्या देखत. लाज वगैरे काही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातली नळी काढली. लेकीचं दूध वाटीत घेतलं, चमच्याने फक्त पाच मिली, पुन्हा दोन तासांनी पाच, मध्ये थेंबही नाही. चमचा तिने घेतला, वाटी मी धरली. ठोंब्याने गिळलं. चमचा चाटला. वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आणखी मिळणार नाही हे कळताच त्याने भोकाड पसरलं. आधी नुसतं दुखण्याचं कण्हणं होतं, नंतर तर तेही थांबलं होतं. हे वेगळं होतं. हातपाय झाडत, साऱ्या वॉर्डाला उठवत तो रडत होता.

सिस्टर लगबगीने आली. "घ्या हो त्याला, गप्प करा. बाकीची मुलं झोपलीयत."

लेकीने त्याला उचललं नाही. ती खाटेच्या काठाला धरून नुसती त्याच्याकडे बघत होती, गालांवरून पाणी वाहत होतं.

"रडू द्या ना, सिस्टर," ती म्हणाली. "त्याला भूक लागलीय."