घरी जाणाऱ्या माणसाची पँट

"थांबव! थांबव! हां, तिथंच. आता हलवू नको त्याला."

धर्मराजनं चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ टीव्हीला टेकवलं. पडद्यावर एक तरणाबांड काळा माणूस पाठमोरा उभा होता, एक पाय टॅक्सीत, एक रस्त्यावर. धर्मराजनं सवयीनं गळ्यातली टेप काचेला लावली, आपला आपणच हसला आणि मागच्या खिशावरचे टाके बोटानं मोजू लागला.

"काय मास्तर," रिमोट धरून बसलेली तुळशी म्हणाली, "देवानी हिरोला एवरं झ्याक तोंड दिलंय, न तुमी त्याचे ढुंगनाकरं बगत बसलाव."

धागे कापणाऱ्या बाया खिदळल्या. खरवईहून रोज येणाऱ्या तुळशीच्या जिभेला हाड नव्हतं आणि मास्तरला तिचा राग येत नव्हता.

"सेठनं तोंड शिवायला सांगितलं असतं तर तोंड बघितलं असतं," तो म्हणाला. "दुहेरी शिवण आहे. पुढं सोड."

टेकचंद सेठच्या कारखान्यातला हा टीव्ही करमणुकीसाठी नव्हता, नाहीतर सेठनं तो आणलाच नसता. तो शिलाई मशीनसारखा कामाला होता. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सचे कारखाने गल्लोगल्ली होते. त्यात धर्मराज ओव्हाळ हा कटिंग मास्टर नायजेरियातले सिनेमे बघून पँटी बेतायचा. हे वेड लावलं ओबिन्नानं. ओबिन्ना म्हणजे नायजेरियाहून आलेला व्यापारी, सहा फूट उंच, आवाज ढोलासारखा. इथून जीन्स घेऊन तो लागोसला कंटेनर पाठवायचा. दोन हजार तीन साली पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं पिशवीतून कपड्याचा नमुना नाही काढला, सिनेमांच्या सीड्या काढल्या.

"मास्टर, इंडियन हिरो का पँट नो. माय पीपल, माय फिल्म. ये देखो, सेम टू सेम बनाओ."

तिकडे म्हणे हे सिनेमे बाजारात कांद्याबटाट्यासारखे विकले जायचे. लागोसहून घानाला, घानाहून लंडनला, जमैकाला, जिथं जिथं त्याची माणसं पोटामागं गेली होती तिथं तिथं. ओबिन्ना छातीवर हात मारून सांगायचा, "हिरो आज पहनता है. नेक्स्ट मंथ लंडन में सब बोलता है, वो पँट किधर?" ती पँट कुठं, तर अंबरनाथहून शेअर रिक्षानं येणाऱ्या धर्मराजच्या टेबलावर. पण हे लंडनला कुणाला माहीत असणार?

पहिलं वर्षभर धर्मराजनं त्या सिनेमांत फक्त पँटी बघितल्या. माणसं नंतर दिसायला लागली. भाषा इंग्रजीच होती, पण त्यांच्या धाटणीची, धर्मराजच्या कानाला न उमजणारी. अर्थात सासू सुनेला छळते हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? ते अंबरनाथच्या चाळीत भिंतीपलीकडूनही कळतं. हळूहळू बायासुद्धा जेवणाचे डबे घेऊन टीव्हीसमोर बसायला लागल्या. एका खाष्ट सासूला तर तुळशीनं खरवईच्या खास ठेवणीतल्या शिव्या वाहिल्या.

आजचा सिनेमा मात्र सासूचा नव्हता. टॅक्सीतला तो माणूस लंडनला जातो. तिथं एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात लोकांची घाण काढतो. एका खोलीत सात जण राहतात, पाळीपाळीनं झोपतात. दर महिन्याला तो परक्याच्या गाडीला टेकून फोटो काढतो आणि घरी पाठवतो. आठ वर्षांनी बाप आजारी पडल्याचं कळतं. तो साठवलेलं सगळं मोडून तिकीट काढतो आणि एक नवी जीन्स घेतो. गावात ढोल वाजवून त्याला घेऊन जातात. खाटेवरचा बाप त्याच्या तोंडाकडे बघत नाही. दोन बोटांत मांडीवरचं कापड धरतो, चोळून बघतो आणि काहीतरी बोलतो.

"क्या बोला?" धर्मराजनं विचारलं. आज पहिल्यांदाच त्यानं पँट सोडून दुसरं काही विचारलं होतं.

मागे उभा असलेला ओबिन्ना घसा खाकरून म्हणाला, "फादर बोला, कपडा अच्छा है. मीन्स, मेरा बेटा उधर अच्छा है."

तुळशीनं पदर डोळ्याला लावला.

"माय फादर आल्सो," ओबिन्ना म्हणाला. "मैं घर जाता हूँ, पहले ट्राउजर देखता है. मेरी माँ को मालूम, मैं मुंबई में ऑफिस का मॅनेजर." तो मोठ्यानं हसला, पण हसणं मध्येच आटपतं घेतलं. हा मॅनेजर पाच जणांबरोबर एका खोलीत राहत होता. बदलापूरला तीन बिल्डिंगांत त्याला जागा दाखवली होती आणि त्याला बघितल्यावर तिन्हीकडे जागा आधीच गेलेली निघाली होती. जागा अशी अचानक जाते म्हणजे काय होतं, हे धर्मराज ओव्हाळला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आडनाव सांगितलं की त्याच्याही कितीतरी जागा अशाच गेल्या होत्या.

तो टेप गुंडाळत टेबलाकडे गेला, पण त्या दिवशी त्याचा हात चालेना. राहून राहून वडील आठवत होते.

शिवराम ओव्हाळ अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. धर्मांतरानंतर सातेक वर्षांनी ते पहिल्यांदा नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावी निघाले, नऊ वर्षांच्या धर्मराजला घेऊन. गावातली जुनी कामं सोडून आलेला माणूस परत जाताना ताठ दिसायला हवा, म्हणून त्यांनी शेजाऱ्याची पँट मागून घेतली. शेजारी बुटका. पँट घोट्याच्या वर चार बोटं. पारावरच्या एकानं हाळी दिली, "काय रं शिवऱ्या, मुंबईला पाणी लई दिसतंय! पँट वर धरून आलास!" सगळा पार हसला. वडीलही हसले. पोरासमोर दुसरं काय करणार होते ते? मग ते पुन्हा कधी गावी गेले नाहीत. भाऊबंद मेला तरी तार करून मोकळे झाले.

धर्मराज मास्तर का झाला, तर ह्यासाठी झाला. कुणी विचारलं तर तो सांगायचा, शाळेत डोकं चाललं नाही. खरं कारण ती चार बोटं होती.

पुढच्या आठवड्यात ओबिन्ना व्हिसाच्या कामाला दिल्लीला गेला. पॅकिंगच्या दिवशी परत येतो म्हणाला. इकडे त्याच्याच ऑर्डरचं कापड आलं. धर्मराजनं ते टेबलावर अंथरलं, एकावर एक शंभर थर. मग सवयीनं एक तुकडा कापून गरम पाण्यात बुडवला आणि सुकवून मोजला. तुकडा भलताच आक्रसला होता. त्यानं मनातल्या मनात सगळीकडे वाढीव मार्जिन धरलं आणि आपला पुठ्ठ्याचा पॅटर्न नव्यानं बेतला.

तेवढ्यात टेकचंद सेठ आला. त्याच्या हातात दुसराच पॅटर्न होता.

"धरमराज, इसपे काट."

धर्मराजनं तो आपल्या पॅटर्नवर ठेवून बघितला. पायात तीन बोटं कमी, कमरेत एक, मांडीत दीड.

"सेठ, ये तो बिना मार्जिन का है. धोने के बाद बच्चे का हो जाएगा."

"धोएगा कौन? थंडे पानी से निकालेंगे, खींच के प्रेस मारेंगे. टेप लगाएगा तो बरोबर चौतीस."

"और वो घर जाके धोएगा तब?"

"तब वो अफ्रिका में धोएगा, साईं. इधर तक आवाज नहीं आएगी."

सेठ राक्षस नव्हता. तुळशीच्या पोरीच्या ऑपरेशनला दवाखान्याच्या बाकड्यावर दिवसभर बसला होता तो. हे सडकं कापड त्याच्याही गळ्यात कुणीतरी मारलं होतं आणि मार्जिन देऊन कापलं तर ऑर्डरीला पुरत नव्हतं. अडलेला माणूस सगळ्यात आधी लांबच्या माणसाला फसवतो, तसा तो फसवत होता.

"मेरे से नहीं होगा, सेठ."

"नहीं होगा तो दूसरा मास्टर आएगा. कॉम्प्युटर पे पॅटर्न निकालने वाले लडके लाइन लगा के खडे हैं. तेरी उमर क्या है? पचास? बावन?"

बावन्न. सेठनं हिशेब बरोबर केला होता. या वयात नवा कारखाना कोण देणार? घरी बायकोचे गुडघे, पोरीचं शेवटचं वर्ष. ओबिन्नाला फोन लावावा, तर ती चुगली झाली. ऑर्डर बुडाली असती, सेठ बसला असता आणि त्याच्याबरोबर तुळशीसकट चाळीस बाया बसल्या असत्या. धर्मराज टेबलाकडे बघत राहिला. बघता बघता त्याला राग आला. सेठचा आला, त्या पारावरच्या माणसाचा आला आणि हसलेल्या वडलांचाही आला.

त्यानं सेठचा पॅटर्न खिळ्याला टांगला. आपला पॅटर्न वरच्या थरावर ठेवला, भराभर रेघा ओढल्या आणि कटिंगची मशीन चालू केली. उभं पातं घूं करत शंभर थरांत शिरलं.

सेठ दारापर्यंत गेला होता. आवाज ऐकून समाधानानं वळला, आणि खिळ्यावरचा पॅटर्न त्याला दिसला.

"ए! चरियो आहीं छा? पागल हो गया? बंद कर!"

धर्मराजनं बंद केली नाही. पातं मांडीच्या गोलाईवरून सावकाश वळलं. सेठ धावत टेबलापाशी आला आणि तिथंच थांबला. पातं चालू असताना मास्तरला कुणी हात लावायचा नाही, असा कारखान्याचा नियम होता. मोठ्या अक्षरात तो भिंतीवर सेठनंच लिहवून घेतला होता.

"कपडा पूरा नहीं पडेगा!"

"जितना पडेगा उतना बनेगा. कम बनेगा, सही बनेगा."

"लंबाई मैं नीचे से काट दूँगा!"

"काटो. कमर का क्या करोगे? जांघ का क्या करोगे? अभी तो गरम पानी से धोनाच पडेगा, सेठ. नहीं धोया तो पॅकिंग में ढीला पडेगा, ओबिन्ना पूछेगा."

"वो तेरा लगता कौन है?"

"घर जाने वाला आदमी है," धर्मराज ओरडून म्हणाला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवावाच लागत होता, आणि आज चढवायला बरंही वाटत होतं. "आपका बाप सिंध से इधर बॅरक में आया, तब किसका पायजमा पहन के आया था? आप ही बताते हो ना हर चेटीचंड को?"

फाळणीत घर सोडून निघालेल्या सेठच्या बापानं कराचीच्या बंदरावर कुणा अनोळखी माणसानं दिलेला पायजमा घातला होता. सणाला जमलेल्या सगळ्या कामगारांना सेठ ही गोष्ट डोळे पुसत सांगायचा. चाळीसही बायांना ती पाठ होती. आता त्या सगळ्या हातातली कात्री थांबवून सेठकडे बघत होत्या.

शेवटचा कंबरपट्टा कापून सुटा झाला. धर्मराजनं मशीन बंद केली.

"कल से मत आना," सेठ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"नहीं आता. बंडल बाँध के जाता हूँ."

त्यानं खाली बसून मापामापाचे गठ्ठे लावले. तुळशी न बोलावता शेजारी येऊन सुतळी बांधू लागली. गठ्ठ्यांवर नंबर टाकायला एरवी साधा खडू असायचा, झटकला की जाणारा. धर्मराजनं खिशातून मेणाचा पांढरा खडू काढला. पहिल्या गठ्ठ्याच्या वरच्या तुकड्यावर, बरोबर मांडीवर, त्यानं ठळक अक्षरांत लिहिलं: धर्मराज शिवराम ओव्हाळ.

"मास्तर," तुळशी हळूच म्हणाली, "यो खरू थंड पान्यानी नाय जायाचा."

"नाहीच जायचा. इस्त्रीनं मेण उलट आत मुरतं. त्याला गरम पाणीच लागतं."

"मंग सेठनी थंड पान्यातून कारला त?"

"तर नाव तसंच राहील. पॅकिंगला ओबिन्ना बघेल, हे काय म्हणून विचारेल. मग सेठनं काय सांगायचं ते सांगावं."

"आन गरम पान्यानी धुतला त तुमचा नाव जाल ना?"

"जाईल," धर्मराज म्हणाला. "जायलाच पाहिजे."

सेठ दारात मोबाईल हातात धरून उभा होता. कुणालाच फोन लावत नव्हता. गठ्ठे अठरा होते. धर्मराजनं घाई केली नाही. अठराही गठ्ठ्यांवर त्यानं पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट.